सिंह, हत्ती आणि राणी हिराई

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड भरावा लागायचा. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागात मी लेख देणार हे ऐकून आमच्या विंगमधल्या सगळ्याजणी आधी पोटभर हसल्या. शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या आहेत. ज्या उरल्या असतील त्या माझ्या, सांभाळून घ्या.

तर गोष्ट सुरू झाली एका लोगोपासून. यंदा आमच्या टेकफेस्टला नवीन लोगो हवा होता. मला कोरलड्रॉ येतं (येतं म्हणजे, बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त येतं), म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. कमिटीची अट अशी की लोगो टेक्निकल दिसला पाहिजे आणि चंद्रपूरचाही वाटला पाहिजे. टीशर्टवर, बॅनरवर, सर्टिफिकेटवर, शिवाय मोबाईलच्या त्या एवढ्याशा गोल डीपीमध्येसुद्धा ओळखू आला पाहिजे. मुदत आठ दिवस.

मी अर्थातच वाघ काढला. चंद्रपुरात राहून माणूस दुसरं काय काढणार? ताडोबा इथून जवळ, आणि वाघ तर पार औष्णिक केंद्राच्या झुडपांपर्यंत येतात. पण वाघ काढून झाल्यावर मी सहज बाहेर नजर टाकली तर सगळीकडे वाघच! हॉटेलच्या पाटीवर वाघ, पाण्याच्या बाटलीवर वाघ, ऑटोच्या मागच्या रेक्झिनवर वाघ, क्रिकेट टीमच्या टीशर्टवर वाघ. माझा वाघ त्या गर्दीत हरवून गेला असता. रात्री मेसमध्ये ताटाशेजारी कागद ठेवून मी विचार करत बसले होते. मेसच्या मावशींनी पोळी वाढता वाढता कागदाकडे पाहिलं, आणि वाघ कायले काढतेस, आपल्या जटपुऱ्याच्या दरवाज्यावर सिंह आहे तो काढ, असं सांगून पुढच्या टेबलावर निघून गेल्या.

जटपुरा गेटखालून मी किमान दोनशे वेळा तरी गेले असेन. बाजार, झेरॉक्स, स्टेशन, सगळ्यांची वाट तिथूनच. पण वर मान करून कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी व्हायच्या आत गेले. कमानीच्या बाजूला दगडात कोरलेला तो होता. एक दांडगा सिंह आणि त्याच्या खाली हत्ती. गंमत म्हणजे सिंह मोठा आणि हत्ती लहान. खऱ्या जंगलात हे शक्य नाही, पण दगड कोरणाऱ्याला झूलॉजी शिकवायची नव्हती. त्याला एवढंच सांगायचं होतं की या दाराच्या आत कोणाचं राज्य आहे.

हे चांद्याच्या गोंड राजांचं राजचिन्ह. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर असे शहराच्या कोटाचे चार मोठे दरवाजे आहेत. हे चिन्ह त्या दरवाजांवर दिसतं. मोठ्या जनावराने हत्तीला दाबलंय अशी शिल्पं महाराष्ट्रात इतरही किल्ल्यांवर आहेत. जंजिऱ्याच्या दरवाजावर तर एकाच जनावराने सहा हत्ती धरलेत. ओरिसाच्या देवळांतही सिंहाखाली हत्ती असतो. म्हणजे कल्पना चांद्यातच जन्मली असं काही नाही. पण इतरत्र ते दारावरच्या अनेक शिल्पांपैकी एक शिल्प असतं, आणि इथे ती एका राजघराण्याची सही आहे. पठाणपुऱ्याचा सिंह आणि जटपुऱ्याचा सिंह मोजपट्टी लावून पाहिले तर काही हुबेहूब निघणार नाहीत, तरी दोन्ही एकच आहेत हे लहान पोरालाही कळतं. चिन्हावर अक्षर नाही, रंग नाही. वाचता न येणारा माणूस लांबून बैलगाडीत बसून आला तरी त्याला समजेल. डीपीच्या गोलात बसवून पाहिलं, तिथेही ओळखू येतं! मला वाटलं, झालं आपलं काम. ट्रेस करायचं, सिंहाच्या पायाशी एक गिअर टाकायचा, की लोगो तयार.

पण लोगोबरोबर कमिटीला अर्ध्या पानाची माहितीही द्यायची होती. म्हणून ग्रंथालयात जाऊन गोंड राजांची यादी काढली. भीम बल्लाळसिंग, खांडक्या बल्लाळशहा, हिरशहा, बाबाजी बल्लाळशहा, धुंड्या रामशहा, कृष्णशहा, बीरशहा, रामशहा, नीलकंठशहा. सगळे पुरुष. आणि बीरशहा व रामशहा यांच्या मध्ये एक बाई, राणी हिराई.

इथे दुसरी कबुली. इरई नदी आणि इरई धरण यांचं नाव या राणीवरून पडलं असेल असं मी दोन वर्षं समजत होते. त्यात ऊर्जानगरच्या विश्रामगृहाचं नाव हिराई, त्यामुळे गोंधळ अजून वाढलेला. नदी वेगळी आणि राणी वेगळी. असो.

हिराईची गोष्ट सांगायची तर आधी थोडं मागे जावं लागतं. पंधराव्या शतकात गोंडांची राजधानी बल्लारपूरला, वर्धा नदीच्या काठी होती. तिथल्या खांडक्या बल्लाळशहाला अंगभर गाठी आणि फोड होते. शिकारीला गेला असताना त्याने झरपट नदीच्या एका डबक्यातलं पाणी प्यायलं, हातपाय धुतले, आणि ते बरे झाले. तिथेच अचलेश्वराचं ठाणं सापडलं. पुढे त्याच भागात एक ससा उलटा त्याच्या कुत्र्याच्या मागे धावताना दिसला. त्याच्या राणीने सांगितलं की ही जागा साधी नाही, ससा ज्या वाटेने पळाला त्या वाटेने कोट बांध आणि शहर वसव. ही दंतकथा चंद्रपुरात सगळ्यांना पाठ असते, आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनाच नसते. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला चेन आणि थिओडोलाइट घेऊन घाम गाळणाऱ्या आमच्या सिव्हिलच्या मुलांना सशाने केलेला हा सर्व्हे फार आवडतो. पण मला त्यात दुसरी गोष्ट दिसली. शहर कुठे वसवायचं हे गोष्टीतसुद्धा राणीनेच ठरवलं. कोट मात्र एका पिढीत झाला नाही, तो धुंड्या रामशहाच्या वेळी पुरा झाला असं मानतात.

हिराई ही या घराण्याची सून, बीरशहाची राणी. तिचं लग्न झालं तेव्हा चांदा काही कोपऱ्यातलं विसरलेलं राज्य नव्हतं. आईन-ए-अकबरीमध्ये चांद्याच्या बाबाजी बल्लाळशहाचा उल्लेख आहे. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान फौज घेऊन येऊन इथून जबर खंडणी घेऊन गेला. (ज्याच्याशी पुरंदरला मुरारबाजी लढला, तोच हा दिलेरखान. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात तो पुरंदरला भेटतो आणि मग गायब होतो. तो इकडे आमच्याकडे आला होता!) जंगल, हत्ती, वैरागडचे हिरे, लोखंड, एवढं सगळं असलेल्या राज्याकडे कोण बघणार नाही? उत्तरेला देवगडचं दुसरं गोंड राज्य होतं. त्यांच्याशी नातंही होतं आणि वैरही.

त्या वैराची एक गोष्ट आहे. बीरशहाची मुलगी देवगडच्या घराण्यात दुर्गपालाला दिली होती. त्याने तिचा अपमान केला. बापाला कळल्यावर त्याने महाकालीपुढे शपथ घेतली की जावयाचं मुंडकं तुला वाहीन. लढाई झाली, दुर्गपाल मारला गेला आणि शपथ पुरी झाली. महाकालीच्या देवळावर जे दगडी मुंडकं दाखवतात, ते देवगडच्या दिशेला तोंड केलेलं याच दुर्गपालाचं, असं सांगतात. मला ही गोष्ट ऐकताना सारखं त्या मुलीबद्दल वाटत राहिलं. तिचा अपमान झाला म्हणून तिचाच नवरा मारला, आणि त्याचं डोकं कायमचं देवळावर बसवलं. तिला कोणी विचारलं होतं का? गोष्टीत तिला पुढे जागा नाही.

बीरशहाला मुलगा नव्हता. म्हणून त्याने दुसरं लग्न करायचं ठरवलं. आता हिराईच्या बाजूने हा प्रसंग बघा. राजवाड्यात सवतीच्या स्वागताची तयारी, बाहेर वाजंत्री, नवऱ्याची वरात निघालेली. आणि त्याच दिवशी बीरशहाचा खून झाला. मारणारा परका नव्हता, राजाच्याच पदरचा हिरामण नावाचा रजपूत होता. त्याच्याकडे जादूची तलवार आहे असा लौकिक होता. राजा ती बघायला वारंवार मागायचा, तो दाखवायचा नाही. शेवटी ती तलवार निघाली ती राजावरच, असं लोक सांगतात. तलवार जादूची होती की नाही ते सोडा. नवऱ्याची वरात आणि नवऱ्याचं प्रेत हिराईने एकाच दिवशी पाहिलं, एवढं खरं.

हे साल साधारण १७०४ धरतात. ती काय करू शकली असती? त्या काळचा विचार केला तर सती जाणं हा एक रस्ता होता. देवगडला शरण जाणं हा दुसरा. मुघल सुभेदाराला बोलावणं हा तिसरा. तिने यातलं काहीच केलं नाही. चंदनखेड्याच्या घराण्यातला रामशहा नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याच्या नावाने राज्य हातात घेतलं. चंदनखेडा म्हणजे आपल्या भद्रावती तालुक्यातलं. आमच्या वर्गात तिकडची मुलं आहेत, त्यांनाही हे माहीत नव्हतं.

पुढची पंधरा वर्षं, म्हणजे १७१९ पर्यंत, चांद्याचा कारभार तिने पाहिला. ही पंधरा वर्षं कशी होती हे समजायला मी वहीत दोन रकाने केले. एकात दिल्ली, दुसऱ्यात चांदा. दिल्लीच्या रकान्यात १७०७ ला औरंगजेब गेला, १७१२ ला बहादूरशहा गेला, १७१३ ला जहांदारशहा मारला गेला, १७१९ ला फर्रुखसियरला तख्तावरून ओढून मारलं आणि त्याच एका वर्षात आणखी दोन बादशहा येऊन गेले. चांद्याच्या रकान्यात एकच नाव, हिराई. तिकडे मराठ्यांकडेही ताराबाई मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. १७०७ ला शाहू सुटून आला आणि घरातच दोन गाद्या झाल्या. म्हणजे त्याच तीन-चार वर्षांत, एकीकडे सह्याद्रीत आणि दुसरीकडे या जंगलात, दोन विधवा बायका एकाच वेळी राज्य सांभाळत होत्या. त्या दोघींना एकमेकींची नावं तरी माहीत असतील का? ताराबाईवर आम्हाला शाळेत दोन मार्कांचा प्रश्न होता. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती, जी १५६४ ला लढताना गेली, तिच्यावर एक परिच्छेद होता. अहिल्याबाईंवर पूर्ण धडा होता आणि त्या तर हिराईचा कारभार संपल्यानंतर सहा वर्षांनी, १७२५ ला जन्मल्या. हिराईवर एक ओळसुद्धा नव्हती. सिलॅबस कोण ठरवतं कोण जाणे.

बरं, तिने केलं काय? तिची दोन कामं आजही उभी आहेत. रविवारी हॉस्टेलवरून निघून संध्याकाळच्या हजेरीच्या आत दोन्ही बघून परत येता येतं.

पहिलं महाकालीचं देऊळ. झरपटच्या काठावर देवीचं ठाणं आधीपासून होतंच, पण आजचं मोठं देऊळ हिराईचं. आपल्या डोक्यात देऊळ म्हटलं की उंच शिखर येतं. हे तसं नाही, याला घुमट आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गोंधळले होते, कारण बाहेरून ते दर्ग्यासारखंही वाटतं आणि गढीसारखंही. चैत्रात इथे यात्रा भरते. मराठवाड्यातून, नांदेड-परभणीकडून लोक रेल्वेने, ट्रकने येतात. त्या दिवसांत स्टेशनपासून देवळापर्यंत रस्ता चालायला मिळत नाही आणि आमच्या मेसच्या मावशी तीन दिवस सुट्टी घेतात. (त्या तीन दिवसांत जेवण कोण करतं आणि ते कसं असतं, यावर वेगळा लेख होईल.) तीनशे वर्षं होऊन गेली, पण एवढी माणसं अजून तिने बांधलेल्या दारातून आत जातात.

दुसरं काम म्हणजे बीरशहाची समाधी. अचलेश्वर दरवाजाजवळ, अचलेश्वराच्या देवळाच्या आवारात गोंड राजांच्या समाध्या आहेत. पुरातत्त्व खात्याची निळी पाटी आहे. त्यातली सगळ्यात मोठी आणि देखणी समाधी बीरशहाची, हिराईने बांधलेली. चौरस बांधकाम, कमानी, वर घुमट. इथले लोक अभिमानाने सांगतात की ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला आणि ही समाधी बायकोने नवऱ्यासाठी बांधली, जगात अशी एकच. एकच नाही हो. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा त्याच्या बेगमेने बांधून घेतला आणि पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर चालुक्य राणी लोकमहादेवीने नवऱ्याच्या विजयासाठी उभारलं. पण मला वाटतं, एकमेव असण्याची गरजच नाही. जो माणूस दुसरी बायको आणायला निघाला असताना मेला, त्याच्यासाठी पहिल्या बायकोने राज्यातली सगळ्यात सुंदर समाधी बांधली, यातच सगळं आलं. आमच्या विंगमध्ये यावर रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला. अर्ध्याजणी म्हणाल्या प्रेम. अर्ध्याजणी म्हणाल्या राजकारण, कारण दत्तक मुलाचा हक्क पक्का करायचा तर आधीच्या राजाचा मान जगाला दिसला पाहिजे. माझं मत दुसऱ्या बाजूला थोडं झुकतं, पण समाधीसमोर उभी राहिले की पहिल्या बाजूला जाते.

आणि इथेच मला लोगोचं काहीतरी कळलं. राजाचा खून झालेला, वारस दुसऱ्या घरातला, गादीवर बाई. अशा वेळी प्रजेला आणि शत्रूला एकच गोष्ट पटवून द्यावी लागते, की घर तेच आहे, काही बदललेलं नाही. दरवाजांवरचा सिंह आधीपासून होता, तो तसाच राहिला. तिने त्याला धरून नवीन दगड रचले, एक देवीसाठी आणि एक नवऱ्यासाठी. कोणी बाहेरचा माणूस जटपुऱ्यातून शिरून अचलेश्वराकडे बाहेर पडला असेल तर वाटेत त्याला एकच घराणं दिसलं असेल. आमच्या कमिटीच्या भाषेत सांगायचं तर मॅनेजमेंट बदललं आणि ब्रँड टिकला. हे माझं म्हणणं आहे, कोणत्या पुस्तकातलं नाही. इतिहासाच्या सरांनी (आमच्या इथे इतिहासाचे सर नाहीत, शेजारच्या आर्ट्स कॉलेजचे) चुकत असेल तर सांगावं.

१७१९ ला रामशहा कारभार बघू लागला. तो लोकांचा आवडता राजा होता. रामाळा तलाव त्याच्याच नावाचा. दत्तक मुलगा चांगला निघाला, म्हणजे निवड चांगली होती असं म्हणायला हरकत नाही. १७३५ नंतर आलेल्या नीलकंठशहाने मात्र लोकांना छळलं. १७५१ ला नागपूरच्या रघूजी भोसल्याने राज्य घेतलं आणि नीलकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. जिथे एके काळी घराण्याची राजधानी होती तिथल्याच किल्ल्यात ते बंद झालं. १८१८ ला इंग्रजांनी तोफा लावून कोट फोडला, १८५४ ला सगळंच खालसा केलं. गोंडांच्या वाड्याच्या जागी तुरुंग आला आणि तिथे २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूराव शेडमाकेंना फाशी दिलं. भोसल्यांनी राज्य घेतलं, इंग्रजांनी घेतलं, पण सिंह आणि हत्ती दरवाजावरून कोणी उतरवले नाहीत. पुढे कोटावर झाडंझुडपं इतकी माजली की बुरूज दिसेनात. २०१७ पासून इथल्या इको-प्रो संस्थेच्या मुलांनी शेकडो दिवस श्रमदान करून तो मोकळा केला, म्हणून आज आम्हाला दिसतो तरी.

आता परत लोगोकडे. सहाव्या दिवशी माझं डिझाइन तयार होतं. सिंह, हत्ती, खाली गिअर, बाजूने सर्किटच्या रेषा, आणि टेकफेस्टचं नाव झोकदार फॉन्टमध्ये. फार भारी दिसत होतं, खरंच. मी ते माझ्या रूममेटला दाखवलं. ती गडचिरोली जिल्ह्यातली, एटापल्लीकडची, गोंड आहे. दोन वर्षं एका खोलीत राहतो. ती माझ्या डब्यातलं लोणचं खाते, मी तिच्या घरून आलेला मोहाचा लाडू खाते. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं की याला त्यांच्याकडे गजसोडूम म्हणतात. तिच्या भावाच्या लग्नपत्रिकेवर हेच होतं आणि गावात कार्यक्रम असला की बॅनरवर हेच असतं. एवढं सांगून तिने शांतपणे विचारलं की शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेखाली मी गिअर लावून रोबो-रेसचं नाव टाकलं असतं का.

मी काहीच बोलले नाही. कारण नसतं टाकलं. हातच गेला नसता. मग इथे का गेला? कारण मला ते जुनं, रिकामं, कोणाचंच नसलेलं चित्र वाटलं. दरवाजा सरकारचा, दगड इतिहासाचा, मग चिन्ह पण फुकटचं. राजे गेले म्हणजे त्यांची माणसं पण गेली असं मी धरून चालले होते, आणि ती माणसं माझ्या शेजारच्या कॉटवर झोपत होती. ती रागावली नव्हती. तिने उलट मला तिच्या मोबाईलवर गोंडी लिपी दाखवली. मंगलसिंग मसरामांनी १९१८ साली तयार केलेली एक, आणि तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या जुन्या पोथ्यांतली दुसरी. आता दोन्ही युनिकोडमध्ये आहेत. माझं नाव तिने त्यात टाइप करून दिलं. मला वाचता आलं नाही. दरवाजावर अक्षरं नाहीत म्हणून मी खूश झाले होते, आणि इथे अक्षरं असून मी अडाणी.

त्या रात्री फाइल डिलीट केली नाही, पण पाठवली पण नाही. सातव्या दिवशी सकाळी दोघी मिळून अचलेश्वरला गेलो. ती समाधीजवळ चप्पल काढून उभी राहिली. मी पण काढली. तिने सांगितलं की लहानपणी आजीबरोबर महाकालीच्या यात्रेला आली होती तेव्हा आजीने हिराईचं नाव घेऊनच हात जोडले होते. तिच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिराई माहीत होती. मला इंग्लिशमध्ये रोमिला थापर वाचलेल्या शाळेने हिराई सांगितली नव्हती. परत येताना झरपटच्या पुलावर ऑटोवाल्याशी भाड्यावरून आमचं भांडण झालं आणि त्यात दुपारचं लेक्चर बुडलं.

आठव्या दिवशी मी कमिटीला दुसरं डिझाइन दिलं. नुसती कमान, आत मोकळी जागा, वर घुमटाची एक रेघ. ते कोणाला कळलं नाही. एका सिनियर दादांना ते नळाच्या तोटीसारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं दिसतंच तसं. शेवटी गिअरच्या आत बल्ब असलेला लोगो निवडला गेला, जो मागच्या वर्षी होता, फक्त रंग बदलून. टीशर्ट तुम्ही घातलेच असतील.

कमिटीसाठी लिहायला घेतलेलं अर्धं पान मात्र वाढत वाढत एवढं झालं, ते संपादकांना दिलंय. सिंहाचं ट्रेस केलेलं चित्र मी रूममेटला पेन ड्राइव्हवर दिलं. गिअर काढून टाकून. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या गावात कार्यक्रम आहे, तेव्हा बॅनरसाठी वापरणार आहे. हत्तीची सोंड मी चुकीच्या बाजूला वळवली होती, ती तिने दुरुस्त करून घेतली.